रुपीचा घास

आमच्या तांड्यात कुठल्याही गोष्टीचं कारण सापडायला वेळ लागत नाही. बैल लंगडला, गाय आटली, कुणाचं लेकरू दूध पिईना झालं, की नायकाच्या ओट्यावर चार डोकी जमतात आणि चिलीम विझायच्या आत कारण हातात येतं. ते बरोबर असावं अशी कुणाची अट नसते. जमनीच्या दुखण्याचं कारण तर आमच्याकडे तयारच होतं. ती नांदायला आली त्याच्या आधीपासून ते त्या घरात वाट पाहत बसलं होतं. त्या कारणाचं नाव रुपी.

रुपी ही हिरासिंगची पहिली बायको. आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला त्या वर्षी, पावसाळा सरता सरता, तिला मुदतीचा ताप भरला. तिची सासू सुखीबाई हिनं सगळी कामं टाकून तिची सेवा केली. सेवा हा शब्द मी मुद्दाम वापरतो, कारण पुढं लोक काहीबाही बोलायला लागले. सुखीबाई वाईट बाई नव्हती. नवरा लवकर गेला, तिनं एकटीनं शेत राखलं, मुलगा वाढवला आणि सगळं नियमानं केलं. वैद्यानं सांगितलं की तापात अन्न म्हणजे विष, लंघन पाळा. तेव्हा सगळेच तसं सांगायचे. दुसरी एखादी सासू असती तर तिनं वैद्याचा डोळा चुकवून मुगाचं पाणी तरी पाजलं असतं. सुखीबाईनं पाजलं नाही, कारण अर्धवट काम तिला ठाऊकच नव्हतं.

रुपी आधी भाकर मागायची, मग भांडायची, मग नुसती रडायची. शेवटी आवाज गेला आणि हात तेवढा उरला. पाचही बोटं जुळवून, अंगठा आत घालून ती हात तोंडाकडे न्यायची. घास मागायची. सुखीबाई तो हात धरून खाली ठेवायची आणि म्हणायची, "ताप उतरू दे पोरी. मंग तुले लापशी करून घालतो, तुपात बुडवून."

एका सकाळी अंग गार लागलं. सुखीबाई धावतच चुलीकडे गेली, गव्हाचा दलिया तुपात परतला, गूळ फोडला, घाईत हात भाजून घेतला. वाटी घेऊन ती बाजेपाशी आली तेव्हा रुपी गेलेली होती. ती वाटी हातातून खाली ठेवायलाही सुखीबाई तयार नव्हती. शेजारणींनी ती ओढून घेतली.

आम्हा गोरमाटी, म्हणजे बंजारा लोकांत दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी धबुकार देतात. घरचा कर्ता पुरुष चुलीतल्या निखाऱ्यांवर लापशीचा घास सोडतो, वर तूप घालतो, भोवती पाण्याची धार फिरवतो आणि गेलेल्यांची नावं घेतो. ज्याचं नाव घेतलं तो जेवला. त्या दिवाळीला हिरासिंगनं रुपीचं नाव घ्यायला तोंड उघडलं, तर सुखीबाईनं त्याचं मनगट धरलं.

"तिचं नको घेऊ. माह्या डोयापुढं ते वाटी येते."

हिरासिंगनं आईचं मन राखलं. पुढच्या वर्षीही राखलं. असं करून एक माणूस उपाशी राहिलं असा हिशेब तांड्यानं मनातल्या मनात लिहून ठेवला, पण सुखीबाईच्या तोंडावर बोलायची कुणाची छाती नव्हती.

मग जमनी आली, पांढरकवड्याकडच्या एका तांड्यातली. हसरी आणि तोंडाळ. सुखीबाईनं एक बोलावं, जमनीनं दोन परत करावे आणि वर हसावं. सासूला ती याडी, म्हणजे आई, म्हणायची. "याडी, तू बोलून घे, मी तवरक पाणी आणतो," म्हणून घागर उचलायची. सासूला राग आवरायचा नाही आणि हसूही आवरायचं नाही. त्या घरात पुन्हा आवाज आला होता, आणि हिरासिंग तर शेतातून लवकर घरी यायला लागला होता.

दोनेक वर्षांत जमनीच्या गळ्यात गाठ आली. लिंबाएवढी होती तोवर तिनं पदराखाली झाकली. कवठाएवढी झाली तेव्हा झोपेत तिचा श्वास शिटीसारखा वाजायला लागला. हिरासिंग तिला नागपूरला घेऊन गेला. तिथल्या एका दवाखान्यात गाठ काढली. परत आली ती गळ्यावर हसळीसारखी आडवी खूण घेऊन, पण श्वास मोकळा झाला होता आणि ती खूश होती. फक्त म्हणायची की एसटीत बसल्यापासून ओठांभोवती मुंग्या येतात, बोटं बधिर होतात. हिरासिंग म्हणाला, अशक्तपणा असेल. आम्हीही तेच म्हणालो.

दिवाळी तोंडावर आली होती. वेचणी सुरू झाली होती. कमरेला कापसाची ओटी बांधून बायका पऱ्हाटीच्या तासात वाकल्या होत्या. जमनी झटकन उठून उभी राहिली आणि तिचा उजवा हात आपोआप वर गेला. कोपर वाकलं, पाचही बोटं एकमेकांना चिकटली, अंगठा आत शिरला, मनगट मुडपलं. पाय आत वळला. ओठ आवळले. डोळे मात्र उघडे, टकाटका बघणारे.

दोन ओळी पलीकडून सुखीबाईनं ते पाहिलं. ती ओरडली नाही. "रुपी," एवढं म्हणाली आणि मातीत बसली.

थोड्या वेळानं हात सुटला. जमनी दम खात म्हणाली, "कोण रुपी? मी जमनी हाव. मले सारं ऐकू येऊन राह्यलं होतं." पण अंगात आलेलीनं मी अमुकच आहे म्हणून सांगावं, यात आमच्या नायकाला काही नवल वाटलं नाही. त्याच्या मते भूत हुशार होतं. मला अजून त्या माणसाचा राग येतो. तो आता हयात नाही आणि रागाचा काही उपयोगही नाही, तरी येतो.

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी हिरासिंग धबुकाराला बसला. पाण्याचा तांब्या द्यायला जमनी उठली आणि पुन्हा तसंच झालं. हात तोंडाकडे, बोटं घासाची. सुखीबाईनं चुलीत जायची ती लापशी उचलली आणि जमनीच्या ओठांना लावली. "खाय माय. खाय." जरा वेळानं जबडा सैल पडला, जमनीनं घास कसाबसा गिळला, आणि पाठोपाठ बोटंही सुटली. ती तशीही सुटली असती. असली आकडी येते आणि आपणहून जाते, हे आज आम्हाला कळतं. त्या दिवशी तांड्यानं डोळ्यांनी पाहिलं ते इतकंच, की घास दिला आणि हात सुटला. झालं. रुपीला चुलीतलं नको होतं, हातातलं हवं होतं.

तेव्हापासून सुखीबाई बदलली. जमनीला टाकून बोलणं बंद. चुलीपाशी कायम लापशीची वाटी झाकलेली. आकडी आली की ती जमनीच्या समोर मांडी घालून बसायची, तिला भरवायची, आणि रुपीशी बोलायची. लंघन वैद्यानं सांगितलं होतं, मी माझ्या मनानं नाही केलं, तू गेलीस त्या सकाळी माझा हात भाजला होता, असलं सगळं. जमनी समोर जखडून बसलेली असायची, ऐकत. तिला उत्तर देता यायचं नाही, कारण ओठच हलायचे नाहीत.

तांड्यानंही आपला फायदा करून घेतला. फुलसिंगचा बैल हरवला तर तो जमनीच्या दारात येऊन विचारू लागला, "रुपीबाई, माहा बैल कुठं हाय?"

जमनी म्हणाली, "तुहा बैल मले सांगून नाही गेला."

फुलसिंगनं त्यातूनही अर्थ काढला आणि दोन दिवस भलत्याच रानात फिरला. आम्ही हसलो. जमनीही हसली. पण त्या दिवसांतलं ते तिचं शेवटचं हसू होतं. आकड्या वाढत चालल्या होत्या. झटक्यात उठलं, पाऊल जोरात टाकलं, कुणी हाक मारली म्हणून वळलं, की हात-पाय पिळवटायचे. कधी हात नुसताच हवेत वळवळत फिरायचा, तिच्या मर्जीशिवाय. उठायचं म्हटलं की ती आधी भिंतीला हात लावायची, मग गुडघा, मग हळूहळू वर. धडधाकट वयाची बाई जागेवरून उठायला घाबरायची. ते बघवत नव्हतं.

एक दिवस तिनं हिरासिंगला सांगितलं, "मी आतून बोंबलतो, अन् तुही माय दुसरीचंच नाव घेते. मले डागदराकडे घेऊन चाल. नायक नको, भगत नको. डागदर."

दिग्रसच्या सरकारी दवाखान्यात तेव्हा एक तरुण डॉक्टर आला होता. हिरासिंग दोघींना घेऊन गेला. सुखीबाई मागं राहायला तयार नव्हती. लापशी फडक्यात बांधून ती बरोबर निघाली. डॉक्टरनं आधी जमनीच्या गळ्यावरची खूण पाहिली, मग प्रश्न विचारले, मग दंडाला रक्तदाब बघायचा पट्टा गुंडाळला आणि हवा भरून तसाच आवळून ठेवला. बघता बघता जमनीचा हात घासाचा झाला.

सुखीबाई खाली बसून फडकं सोडायला लागली.

"काय करता बाई?"

"तिले भूक लागली, साहेब."

डॉक्टरनं तिचा हात बाजूला केला. पट्टा सोडला. मग शिरेत सुई घालून अगदी सावकाश औषध सोडलं. जमनीनं आधी अंगातून ऊन पसरतं आहे असं सांगितलं. मग ओठांच्या मुंग्या गेल्या. मग बोटं सुटी झाली, आणि तिनं डॉक्टरच्या टेबलावर तळहात सपाट ठेवून दाखवला. हिरासिंगच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्यानं ते पुसलंसुद्धा नाही.

डॉक्टरनं समजावून सांगितलं. "गळ्यातल्या गाठीला लागूनच तुरीच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात. अंगातला चुना त्या सांभाळतात. गाठ काढताना त्याही गेल्या. रक्तातला चुना कमी पडला की नसा भडकतात, हातपाय असे आवळतात. या गोळ्या आणि हे तेलासारखं औषध रोज घ्यायचं. जन्मभर. एकही दिवस चुकवायचा नाही. आणि एक लक्षात ठेवा. कधी गळाही आवळू शकतो. घशातून कोंबड्यासारखा आवाज येईल. तेव्हा तोंडात काही घालू नका, पाणीसुद्धा नाही. श्वास कोंडेल. तशीच उचलून इथं आणा."

"ऐकलं ना याडी?" हिरासिंग म्हणाला.

सुखीबाईनं मान हलवली. मग तिनं डॉक्टरला विचारलं, "साहेब, मंग ते कुठं गेली?"

"कोण?"

सुखीबाई फडक्याची गाठ पुन्हा बांधायला लागली. परत येताना एसटीत ती खिडकीला डोकं टेकून बसली होती. फडक्यातली लापशी तशीच मांडीवर होती.

जमनी सुधारली. असं सुधारणं आम्ही कधी पाहिलं नव्हतं. महिन्याभरात ती घागरी भरून आणायला लागली, होळीला लेंगी म्हणत फेर धरला आणि एकदाही हात वळला नाही. फुलसिंगला तिनं भर फेरात विचारलं, "बैल कसा हाय, भाऊ?" हिरासिंग दर महिन्याला दिग्रसहून औषध आणायचा. नायक दोन दिवसांनी म्हणाला की रुपी तृप्त होऊन गेली. तेवढंच त्याचं डोकं चाललं, आणि एकदाच काय ते कुणाला त्रास न देता.

पण रुपी तृप्त होऊन गेली नव्हती. निदान सुखीबाईच्या लेखी तरी नाही. सुई टोचून तिला हाकलून दिलं होतं, भरल्या ताटावरून. इतक्या वर्षांनी ती जेवायला बसली, आपलं म्हणणं ऐकायला लागली, आणि तिनं काही बोलायच्या आत कुणा परक्यानं तिला उठवलं. सुखीबाई आता जमनीच्या हाताकडे बघत बसायची. जमनी भाकरी थापायची, ही हात बघायची. जेवण कमी झालं. रात्री अंगणात ती एकटीच पुटपुटायची. जमनीशी भांडणंही तिनं पुन्हा सुरू केली नाहीत, आणि जमनीला त्याचंच जास्त वाईट वाटायचं.

"याडी, काही बोल न व. शिवी दे."

"कायले?"

"तू बोलत नाई तं मले घर खायाले उठते."

सुखीबाई म्हणाली, "तिनं मले माफ केलं का नाई, ते सांगितलंच नाई. अर्धीच जेवली माह्या हातून."

जमनीला त्या म्हातारीची माया होती. हे मी खात्रीनं सांगतो, नाहीतर पुढचं झालंच नसतं. पावसाळ्यात एका दुपारी, हिरासिंग शेतात असताना, ती चुलीपाशी बसली आणि तिनं स्वतःहून हात वाकवला, बोटं जुळवली, डोळे मोठे केले. सुखीबाई धावत आली, वाटी घेतली, घास उचलला. मग थांबली. जमनीचा हात हातात घेऊन तिनं उलटसुलट करून पाहिला.

"असा नाई. तिचा अंगठा आतून इतका घट्ट राहे का मले दोन हातानं निंघे नाई." आणि घास परत वाटीत टाकून ती बाहेर गेली.

हे जमनीनंच पाणवठ्यावर बायकांना सांगितलं. हसत सांगायला गेली आणि रडली.

मग दसऱ्याच्या सुमारास सुखीबाईनं तिच्यापाशी विषय काढला. फक्त एक वेळ. दिवाळीच्या धबुकारापुरतं. तेवढे दिवस गोळ्या सोड. ती येईल, मी तिला भरवीन, तिचं पोट भरेल, आणि मग मी तुझ्या गोळ्या माझ्या हातानं देत जाईन. मी मरेपर्यंत पुन्हा तिचं नाव काढणार नाही.

"डागदर म्हणे का तोंडात काही घालू नको," जमनी म्हणाली.

"मी तुह्या हातातच देईन. तोंडाले नाई लावत. हातात धरला तरी तिले पोचते."

हिरासिंगला सांगायचं नाही असं ठरलं. तांड्यातल्या दोन-तीन बायकांना मात्र ठाऊक होतं. बायकांना ठाऊक म्हणजे आम्हा पुरुषांच्याही कानावर आलं होतं. कुणी म्हणालं, चांगलं आहे, घराचं एकदाचं मिटेल. कुणी म्हणालं, आपल्याला काय करायचंय. सात-आठ महिने ठणठणीत असलेल्या बाईला काही होईल असं कुणालाच वाटलं नाही, आणि जमनीला तर मुळीच नाही. ती गोळी तोंडात टाकल्यासारखं करायची आणि परसात जाऊन थुंकायची. तेलासारखं औषध मातीत ओतायची. आठवड्याभरानं ओठांना मुंग्या आल्या तेव्हा ती सुखीबाईला म्हणाली, "येऊन राह्यली वाटते तुही पाहुणी." सुखीबाईनं तिला जवळ घेतलं. सासू-सुनेत इतकी गोडी तांड्यानं कधी पाहिली नव्हती.

मग पायात गोळे यायला लागले. जमनी ते हिरासिंगपासून लपवत होती. उठताना पुन्हा भिंत धरायची. हिरासिंगनं विचारलं तर म्हणाली, वेचणीनं कंबर भरली.

दिवाळीचा दुसरा दिवस उजाडला. उन्हं अंगणात आली होती. घरोघरी निखारे काढून धबुकाराची तयारी चालली होती. हिरासिंग आंघोळ करून चुलीपुढं बसला. आमचं घर लागूनच, म्हणून मी आणि माझी बायको दारात उभे होतो. हिरासिंगनं बापाचं नाव घेतलं, आज्याचं घेतलं. तूप पडून धूर उठला. सुखीबाई जमनीला म्हणाली, "ऊठ पोरी, पाणी दे."

जमनी उठली. तांब्या हातातून पडला. दोन्ही हात एकदम वर गेले, दोन्हींची बोटं जुळली, पाय वळले आणि ती भिंतीला घासत खाली आली. चेहरा एका बाजूला ओढला गेला.

"आली," सुखीबाई म्हणाली. "आली माही रुपी." तिनं वाटीतून लापशीचा मोठा घास घेतला आणि ठरल्याप्रमाणे जमनीच्या बोटांत धरला. "घे माय. आज पोटभर घे. अन् मले सांग."

हिरासिंग काही न समजून बघत होता. "गोळी नाई घेतली का इनं?" त्यानं मला विचारलं. मी काय सांगणार होतो? माझ्या बायकोनं सांगितलं, "दसऱ्यापासून बंद हाये भाऊ." तो तसाच उठला आणि गाडी जुंपायला धावला.

तेवढ्यात जमनीच्या घशातून आवाज आला. आत ओढलेला, लांब, कोंबड्यासारखा. छाती वर उचलली जात होती आणि हवा आत जात नव्हती. डॉक्टरनं सांगितलं होतं तेच. ते सुखीबाईनंही ऐकलं होतं. पण त्या घटकेला तिला ते आठवलं नाही, की आठवूनही पटलं नाही, कुणास ठाऊक. तिला एवढंच कळलं की रुपीला आवाज फुटला. ज्या पोरीचा आवाज जाऊन नुसता हात उरला होता, ती आज बोलते आहे, मागते आहे.

"मागते! तोंडानं मागते!" असं ओरडून तिनं घास जमनीच्या तोंडात घातला. दातांच्या फटीतून, बोटानं आत ढकलून. आम्ही दोघं धावलो तेव्हा तिनं दुसरा घास घेतला होता. माझ्या बायकोनं तिला मागं ओढलं. त्या हडकुळ्या म्हातारीत कुठून एवढं बळ आलं होतं माहीत नाही.

हिरासिंग आत आला तेव्हा आवाज थांबला होता. त्यानं जमनीला मांडीवर घेतलं, हलवलं, नाव घेऊन हाका मारल्या. तिचे ओठ काळेनिळे झाले होते. मग हळूहळू तिचे हात सैल पडले. बोटं सुटली, अंगठा बाहेर आला आणि तळहात उघडा होऊन जमिनीवर पडला.

सुखीबाईनं तो उघडा तळहात पाहिला. इतक्या वर्षांत मी तिचा चेहरा असा पाहिला नव्हता. सगळी शीर न् शीर सैल झाली होती. ती हिरासिंगला म्हणाली, "पाह्य बापू, हात सुटला. जेवली. माह्या हातून पोटभर जेवली ते."

हिरासिंगनं जमनीचा जबडा उघडला, बोट आत घातलं आणि घशाशी अडकलेला तो घास बाहेर काढला. लापशी तशीच होती, जराही विरघळली नव्हती. त्यानं आईचा हात ओढला आणि तो घास तिच्या तळहातावर ठेवला.

"गियलाच नाई तिनं, याडी," तो म्हणाला. "कोणी नाई जेवलं."

सुखीबाई हातातल्या घासाकडे बघत राहिली. बाहेर गाडीला बैल जुंपलेले होते, ते सोडायला मी गेलो.